दिलासा नेमका कुणाला देताय?

गोव्यातल्या हडफड्याच्या त्या नाइटक्लबात आगीत 25 माणसं मेली त्याला आता कितीतरी दिवस झाले, पण आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो वाद काही संपत नाही, आणि परवा माझ्या चुलतभावाने जे लिहिलं ते वाचून मला राहवलं नाही म्हणून हे लिहितोय. तो लिहितो, "तुम्ही लिस्बनला बसून गोव्याची बदनामी करणार आणि इथे सीझन आमचा जाणार. सरकारने सांगितलंय ना सगळं सेफ आहे म्हणून, मग झालं की." माझा हा भाऊ टॅक्सी चालवतो, कळंगुट-कांदोळी पट्ट्यात, दोन मुलं शिकताहेत, गाडीचा हप्ता आहे, त्यामुळे त्याच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. पण "सांगितलंय ना, मग झालं की" हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही.

सांगितलं ते कुणाला, एवढंच मला विचारायचंय. गोव्यात काहीही घडलं, आग लागली, समुद्रात कुणी बुडालं, रस्त्यावर मारामारी झाली, की एक वाक्य हमखास येतं की गोवा पर्यटकांसाठी सुरक्षित आहे. पर्यटकांसाठी. म्हणजे जो चार दिवस येऊन जाणार त्याला आधी धीर द्यायचा, त्याचं बुकिंग कॅन्सल होऊ नये म्हणून. जो तिथे राहतो, जो रात्री दोन वाजता त्याच हॉटेलाच्या मागच्या दाराने बाहेर पडून स्कूटर काढतो, जी बाई पहाटे रूम साफ करायला पेडण्याहून बस पकडून येते, तिला कोण काय सांगतं? तिच्यासाठी वेगळं स्टेटमेंट मी तरी कधी वाचलं नाही.

हे मी वरवरचं बोलत नाही. इथे यायच्या आधी मी कांदोळीला एका हॉटेलात किचनमध्ये होतो. नाव घेत नाही. किचनला मागे एक दार होतं, कागदावर ते इमर्जन्सीचं दार, आणि प्रत्यक्षात तिथे बियरचे क्रेट रचलेले असायचे, सीझनमध्ये तर छतापर्यंत, कारण स्टोअरमध्ये जागा नाही. शेजारी सिलिंडर. आग विझवायचा लाल डबा भिंतीवर होता, त्यावरची तारीख उलटून गेलेली, सगळ्यांना माहीत. तपासणीला कुणी येणार असेल तर आदल्या दिवशी मॅनेजरला कळायचं आणि आम्ही पोरं क्रेट उचलून टेंपोत भरायचो, तपासणी झाली की परत उतरवायचो. मी एकदा म्हटलं मॅनेजरला, की सर हे दार मोकळंच ठेवूया ना, तर तो म्हणाला तू भाजी काप. म्हणून हडफड्याची बातमी आली तेव्हा पहिल्या फोटोत मी आग बघितली नाही, आत जायची वाट बघितली.

आणि आकडा बघा. 6 डिसेंबर 2025, शनिवारची रात्र, 25 मृत्यू, त्यातले 20 जण तिथे काम करणारे. पर्यटक पाच. काम करणारे म्हणजे कोण, तर झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा ठिकाणांहून आलेली पोरं, त्यातले बरेच जण खाली किचनच्या बाजूला अडकून धुराने गुदमरून गेले. वाट इतकी अरुंद की बंब जवळ नेता येईना, लांबच थांबवावे लागले. जागा मिठागराची. ते बांधकाम पाडायची ऑर्डर पंचायतीने काढलेली आणि वरून पंचायत संचालनालयाने तिला स्थगिती दिलेली, हे सगळं नंतर बाहेर आलं, म्हणजे कागद होते, सगळे कागद होते, सह्या होत्या, स्थगित्या होत्या. मालक दोघे भाऊ दिल्लीचे, आग विझायच्या आसपासच विमानाने फुकेतला निघून गेले, पुढे त्यांना थायलंडहून परत आणलं. तीन अधिकारी निलंबित झाले. उत्तर गोव्यात क्लब, बार, हॉटेलांच्या आत फटाके, स्पार्कलर लावायला बंदी घातली. म्हणजे काहीच झालं नाही असं माझं म्हणणं नाही, भाऊ माझ्या तोंडी ते घालतो. माझं म्हणणं असं, की फटाक्याला बंदी घालणं सोपं आहे. ज्या 20 जणांचं ते रोजचं कामाचं ठिकाण होतं त्यांच्यासारख्या बाकीच्या हजारो पोरांना उद्या ड्युटीवर जाताना कशावर विश्वास ठेवायचा, ते कुणी सांगितलं नाही.

इथे मी बायशाच्या, म्हणजे लिस्बनच्या मध्यवस्तीतल्या, एका हॉटेलात किचनलाच आहे. वर्षातून एकदा सिमुलाक्रो होतो, म्हणजे आग लागली तर बाहेर कसं पडायचं त्याचा सराव, सगळे एप्रन घालून फुटपाथवर उभे, कस्टमरसकट, शेफ हातात यादी घेऊन नावं वाचतो, कुणी कुरकुरत नाही. दारासमोर एक खुर्ची जरी ठेवली तरी आमची गव्हर्नंता, म्हणजे हाउसकीपिंगची मुख्य बाई, ओरडते. कधी कधी मला वाटतं त्या कांदोळीच्या मॅनेजरला इथे आठवडाभर आणून ठेवावं.

आता भाऊ लगेच म्हणतो, तुमच्या लिस्बनला काय सगळं छान आहे का? ती ट्राम पडली ना तुमची? पडली. 3 सप्टेंबर 2025, संध्याकाळी सहाच्या सुमारास, ग्लोरियाचा एलेव्हादोर, म्हणजे केबलवर चालणारी ट्राम. 1885 पासून चढ चढणारी ती पिवळी गाडी, रेश्तावरादोरेसहून बैरो आल्तोकडे जाणारी, खाली येताना सुटली आणि वळणावरच्या इमारतीवर आदळली. 16 जण गेले. त्या चढाने मी सुट्टीच्या दिवशी कितीदा पायी गेलोय. त्या दिवशी घरून फोनवर फोन येत होते, आई रडत होती, तिला लिस्बन म्हणजे एक गल्ली वाटते आणि त्या गल्लीत मी.

पण मला भावाला हेच सांगायचंय की पुढे काय झालं ते बघ. तीन-चार दिवसांत अपघात तपासणाऱ्या संस्थेने कागद काढला, सगळ्यांना वाचता येईल असा, की केबल अमुक जागी सुटली, ती जागा खोलल्याशिवाय दिसत नाही, त्या सकाळी रोजची तपासणी झाली होती आणि तपासणीत काही आढळलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये दुसरा अहवाल, त्यात तर स्पष्ट लिहिलं की ती केबल माणसं नेण्यासाठी प्रमाणित नव्हतीच. वाचून अंगावर काटा आला, पण वाचायला मिळालं. मला हॉटेलात भांडी घासणाऱ्या बाईने त्यातलं सांगितलं, तिने कॅफेत बसून वाचलेलं. म्हणजे दिलासा हा असा मिळतो, असं मला वाटतं. कुणी "सगळं ठीक आहे" म्हटलं म्हणून मिळत नाही. नेमकं काय ठीक नव्हतं ते कळलं की माणूस निदान उद्या कशात बसायचं आणि कशात नाही ते ठरवू शकतो.

लिस्बनच्या महापौरांबद्दल मात्र मी काही चांगलं बोलणार नाही. कार्लोस मोएदास. 2021 साली विरोधात असताना याच माणसाने आधीच्या महापौरांचा राजीनामा मागितला होता, रशियन आंदोलकांची नावं-पत्ते पालिकेकडून रशियाच्या दूतावासाला गेले म्हणून. तेव्हा राजकीय जबाबदारी मोठी होती. 16 माणसं गेली तेव्हा टीव्हीवर मुलाखतीत त्यांनी सांगितलं की आपण राजीनामा का द्यायचा, आणि 2001 च्या जोर्ज कोएल्होंशी आपली तुलना होऊच शकत नाही. त्यावर कोएल्होंच्या पक्षातले लोक भडकले, की मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलता म्हणून. ते 2001 प्रकरण मला इथल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने सांगितलं आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. एन्त्रे-ओस-रिओसला नदीवरचा जुना पूल रात्री कोसळला, एक बस आणि गाड्या पाण्यात, 59 माणसं गेली, मार्च महिना, नदीला पूर. कोएल्हो सार्वजनिक बांधकाम बघणारे मंत्री होते, त्यांनी पूल बांधला नव्हता, त्या रात्री पुलावर ते नव्हतेही, पण पहाट व्हायच्या आत राजीनामा दिला, की दोष कुणाच्याच नावावर न पडता राहून जाता कामा नये असं म्हणून. वीसबावीस वर्षांनीही लोक त्यांचं नाव घेतात ते या एका गोष्टीसाठी.

आपल्याकडे? माझ्या आठवणीतलं सांगतो. मांडवीवरचा नेहरू पूल 1986 च्या जुलैत पडला तो मी बघितलेला नाही, पण घरी त्याच्याच गोष्टी ऐकल्या, फेरीबोटीच्या रांगा वगैरे. काणकोणची इमारत मला चांगली आठवते. 4 जानेवारी 2014, चावडीला बांधकाम चालू असलेली इमारत दुपारी कोसळली, 31 जण गेले, सगळे कामगार. सावर्ड्याचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल 2017 साली लोकांसकट नदीत गेला. पणजीत 2024 च्या पहिल्याच दिवशी स्मार्ट सिटीसाठी खणलेल्या खड्ड्यात बाइकसकट पडून 21 वर्षांचा मुलगा गेला. शहर खणून ठेवलेलं आणि तारखांवर तारखा पडत होत्या, आणि प्रत्येक तारखेला आपल्याला सांगितलं जात होतं की काम अंतिम टप्प्यात आहे. आणि शिरगाव. शिरगावबद्दल मला बोलायला जड जातं.

आम्ही डिचोलीचे. शिरगावच्या लईराई देवीची जत्रा म्हणजे आमच्या घरात वर्षाचं केंद्र, माझे काका धोंड आहेत, म्हणजे देवीचं व्रत करणारे, जत्रेच्या आधीचे दिवस सोवळ्याने राहणं, तळीवरची अंघोळ, हातात बेतकाठी, मोगऱ्याच्या कळ्या, होमकुंड, हे सगळं लहानपणापासून डोळ्यांत आहे. 2025 च्या 3 मेला पहाटे चेंगराचेंगरी झाली तेव्हा इथे रात्रच होती, फोन वाजला आणि वहिनीचा आवाज, काका सापडत नाहीत. दोन-अडीच तास. मग सापडले, पायाला लागलेलं, बाकी ठीक. निदान सहा जण मात्र सापडले ते तसे सापडले नाहीत, त्यांची माणसं इस्पितळात शोधत फिरत होती. पुढे समिती बसली, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, मदत जाहीर झाली. काकांना मी विचारलं, पुढच्या वर्षी जाणार का, ते म्हणाले, म्हणजे काय, व्रत आहे. मग मी विचारलं, त्या उतारावर आता काय बदलणार ते कुणी येऊन सांगितलं का तुम्हा धोंडांना, गावात बसून, नकाशा घेऊन? ते म्हणाले, पेपरात आलंय ना. हजारो धोंड गावागावातले, प्रत्येक गावात त्यांचा जमाव असतो, खोपी असतात, एकेका खोपीत जाऊन बोललं असतं तरी महिन्याभरात सगळ्यांपर्यंत पोचलं असतं. जे लोक दर वर्षी त्याच वाटेने जाणार आहेत त्यांच्यासारखे जाणकार दुसरे कोण असणार त्या वाटेचे?

आणि बोलता येतं गोव्याला, करताही येतं, हे मी इथल्या लोकांना छाती पुढे काढून सांगतो. 2008 पासून किनाऱ्यांवर दृष्टी नावाच्या कंपनीचे जीवरक्षक आहेत. लाल झेंडा असला की पाण्यात जायचं नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे पोहायचं, शिट्टी वाजली की बाहेर. तिथे कुणी मंत्री येऊन समुद्र सुरक्षित आहे असं म्हणत नाही. उलट झेंडा लावून स्पष्ट सांगतात की आज सुरक्षित नाही. आणि म्हणूनच त्या पोरांवर लोकांचा विश्वास आहे. मग हाच झेंडा क्लबच्या दारावर का नको? एनओसी आहे की नाही, किती माणसांची परवानगी आहे, बाहेर पडायच्या वाटा किती, शेवटची तपासणी कधी झाली आणि कुणी केली, हे सगळं दारावर, मराठीत, कोंकणीत, हिंदीत, इंग्रजीत लावा. आत नोकरीला जाणाऱ्या पोराला वाचता यावं. यात बदनामी कुठे आली? पण आपल्याकडे 2024 च्या नोव्हेंबरात एका उद्योजकाने गोव्याला येणारे परदेशी पर्यटक कमी झाले म्हणून आकडे टाकले तर पर्यटन खात्याने त्याच्याविरुद्ध पोलिस तक्रार केली. आकडे चुकीचे असतील तर बरोबर आकडे द्यायचे, पोलिसात कशाला जायचं?

आता मला जे खरं बोलायचंय ते बोलतो, कारण एवढं सगळं लिहून झाल्यावर ते टाळणं बरं नाही.

लिस्बनमध्येही सुरक्षेची खूप चर्चा असते. पोर्तुगाल जगातल्या सगळ्यात शांत देशांच्या यादीत पहिल्या दहांत येतो, तरी महापौर वर्षभर सांगत असतात की लोकांना असुरक्षित वाटतं, पोलिस वाढवा. आणि तो दिलासा कसा दिला जातो ते मी जवळून बघितलंय. 19 डिसेंबर 2024, मार्तिम मोनिझजवळची रुआ दो बेन्फोर्मोसो. मी तिथूनच हिंग, पोहे, कढीपत्ता आणतो, त्या गल्लीत बहुतेक दुकानं बांगलादेशींची. त्या दुपारी पोलिसांनी गल्ली बंद केली आणि लोकांना, म्हणजे आमच्यासारख्या रंगाच्या लोकांना, हात वर करून भिंतीला तोंड करून रांगेत उभं केलं. तो फोटो देशभर गेला. आमच्या किचनमधला, बांगलादेशातल्या सिल्हेटचा एक मुलगा त्या रांगेत होता. भांडी धुतो, कुणाला वर मान करून बोलत नाही. दुसऱ्या दिवशी कामाला आला, काही बोलला नाही, फक्त त्या दिवशी जेवला नाही. सरकारने सांगितलं की अशा कारवाया दिसल्या पाहिजेत, लोकांना सुरक्षित वाटतं. त्या "लोकांना" मध्ये मी आहे का हे मला तेव्हापासून कळत नाही. मागच्या निवडणुकीत "हा बांगलादेश नाही" असं लिहिलेले मोठे पोस्टर लागले, मी कामाला जाताना रोज त्याच्याखालून जायचो. पोस्टर लावणाऱ्याला सिल्हेट आणि डिचोली यातला फरक माहीत नाही आणि जाणून घ्यायची गरजही नाही.

मी गोव्याचा आहे म्हटलं की काही लोकांचा चेहरा बदलतो. "आ, गोआ! आंतोनियो कोश्ता!" म्हणतात. कोश्तांचं घराणं मडगावचं, घरचं नाव बाबुश, ते या शहराचे 2007 ते 2015 महापौर होते, मग देशाचे पंतप्रधान, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. मी ते नाव वापरतो. बँकेत, घरमालकिणीकडे, आयमाच्या, म्हणजे इथल्या इमिग्रेशन ऑफिसच्या, काउंटरवर सुद्धा. माझा आणि त्या घराण्याचा काडीचा संबंध नाही, आम्ही डिचोलीतल्या खाणीच्या पट्ट्यातले, पण त्या भिंतीजवळच्या रांगेतून एक पाऊल बाजूला व्हायला ते नाव उपयोगी पडतं आणि तो सिल्हेटचा मुलगा मात्र तिथेच राहतो.

आणि हे सगळं अंगावर घेऊन मी जेव्हा गोव्याकडे बघतो तेव्हा मला 2023 चा कामगार दिन आठवतो. पाटो-पणजीला कार्यक्रम होता आणि आपल्या मुख्यमंत्र्यांनी म्हटलं की गोव्यातले जवळपास नव्वद टक्के गुन्हे यूपी-बिहारकडून येणारे मजूर करतात. कामगार दिनाला, कामगारांसमोर. आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे टाकले होते. चोरी झाली की टेनंट व्हेरिफिकेशन, मारामारी झाली की टेनंट व्हेरिफिकेशन, भायल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्यांना, आवरा म्हणजे गोंयकार सुरक्षित. आमच्याच घराच्या मागे दोन खोल्या आहेत, त्यात वर्षानुवर्षं बिहारची माणसं भाड्याने राहतात, आईला बाजारातून सामान आणून देतात, बाबा आजारी होते तेव्हा त्यांना उचलून गाडीत ठेवणारे तेच होते, मी नव्हतो, मी इथे होतो. पोलिसात फॉर्म भरायला आई त्यांना घेऊन गेली होती तेव्हा त्यांनी म्हणे फोटोसाठी नवा शर्ट घातला होता. नोंदणी करा, माझा विरोध नाही, माझी पण इथे नोंद आहे, बोटांचे ठसे आहेत, सगळं आहे. पण नेता जेव्हा माइकवर उभा राहून टक्केवारी सांगतो आणि आपल्याला सांगतो की धोका तिकडून आहे, तेव्हा तो आपल्याला धीर देतोय असं आपल्याला वाटतं, आणि मी हे वाक्य आता लिस्बनच्या बाजूने ऐकतो. इथल्या काही लोकांच्या हिशेबात मी त्याच नव्वद टक्क्यांत बसतो.

मग हडफड्याला गेलेले कोण होते ते परत एकदा वाचा. काणकोणला गेलेले कोण होते तेही वाचा. भायलेच. ज्यांच्यापासून आपल्याला वाचवायचं म्हणून सांगितलं जातं तीच माणसं आपल्या इमारतींखाली आणि आपल्या सीझनसाठी चालणाऱ्या किचनमध्ये मरतात, आणि त्यांच्या गावाला मदतीचा चेक जातो, आणि गोवा पुन्हा पर्यटकांसाठी सुरक्षित होतो. माझा भाऊ या साखळीत कुठे आहे? तो पर्यटकही नाही, भायलाही नाही. तो रात्री तीनला त्याच क्लबच्या बाहेर गाडीत झोपलेला असतो, भाडं मिळेल म्हणून. त्याला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

मग म्हणाला, पण तुझं मत आहे कुठे इथे? तू तर गेलास.

हे खरं लागलं मला. इथे पालिकेच्या निवडणुका झाल्या 12 ऑक्टोबरला, ग्लोरियानंतर सव्वा महिन्याने, मोएदास परत निवडून आले. मला मत नव्हतं, आमच्या देशाशी तसा करार नाही. माझ्याबरोबरच्या ब्राझीलच्या मुलीला मत होतं. तिकीट माझं, बस-ट्रामचा नवेगान्ते पास माझा, त्या चढावर जाणारा मी, आणि महापौर कोण असावा यात मला जागा नाही. घरी बाबा 61 च्या आधी जन्मलेले, म्हणजे इथल्या कॉन्झेर्व्हातोरियात, म्हणजे नोंदणी कचेरीत, त्यांच्या जन्माची नोंद करून घेतली असती तर मला पोर्तुगीज पासपोर्ट कधीच मिळाला असता, आमच्या वाड्यावरचे अर्धे लोक तसेच स्विंडनला गेलेत. बाबांनी केलं नाही. ते म्हणायचे, जे गेले त्यांच्या वहीत परत नाव कशाला घालायचं. ते असताना मी यावरून भांडलो. आता ते नाहीत आणि ते कागद घरच्या गोदरेजच्या कपाटात आहेत, भाऊ म्हणतो पाठवू का, आणि मी दर वेळी पुढच्या महिन्यात बघू म्हणतो. आयमाच्या रांगेत पहाटे उभं राहताना मला वाटतं कर एकदाचं. मग कुणीतरी फोनवर जत्रेचा आवाज ऐकवतं आणि होत नाही. भारतीय पासपोर्ट परत केला की तिथलं मत गेलं, आणि मत गेलं की भावाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

तेव्हा त्याला मी उत्तर लिहिलंय ते इथेही लिहितो. बाहेर राहणाऱ्या भारतीयांना मतदार होता येतं, त्यासाठी फॉर्म 6ए आहे, मी तो भरलाय, पत्ता डिचोलीच्या घराचा दिलाय. मत द्यायला स्वतः यावं लागतं, मी रजा शेफकडे आत्ताच बोलून ठेवलीय, विधानसभेची तारीख लागली की तिकीट काढणार. तोपर्यंत प्रचाराला जे कोण आपल्या अंगणात येतील, कुठल्याही पक्षाचे, त्यांना तू दोनच गोष्टी विचार: कळंगुट ते हणजूण जेवढे क्लब आहेत त्यांच्या एनओसीची यादी गावात कधी लावणार, आणि हडफड्याच्या त्या स्थगितीवर कुणाची सही होती. आणि विचारताना मागच्या खोलीतल्या त्या दोघांनाही बाहेर बोलाव, खुर्ची दे, त्यांनाही ऐकू दे. त्यातला धाकटा आता बाग्याला एका किचनमध्ये लागलाय असं आई सांगत होती. त्याला माझ्याकडून विचार, मागचं दार उघडतं का.